एडीएचडीमुळे तुम्हाला काय चांगलं जमतं? माझ्या मुलाने विचारलंय

ओंजळ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात त्याचं एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाणारी मेंदूची स्थिती) निदान झालं. त्याआधी डॉक्टरांनी एक प्रश्नावली घरी भरायला दिली होती. १८ प्रश्न आणि प्रत्येकापुढे 'कधीच नाही' ते 'नेहमी' अशा चौकटी. वस्तू हरवतो का? दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडतो का? हातातलं काम अर्धवट सोडतो का? मी खुणा करत होते आणि तो समोर बसून सगळं उलट्या बाजूने वाचत होता. शेवटची खूण झाल्यावर म्हणाला, "आई, यात मला काय जमतं ते कुणी विचारलंच नाही. एखादं पान गळलंय का बघ ना."

मला पटकन उत्तर सुचलं नाही. रात्री झोपताना त्याला म्हटलं, ते पान आपण करू. त्यासाठी तुमची मदत हवी आहे. ज्यांना स्वतःला एडीएचडी आहे, किंवा ज्यांच्या घरात, वर्गात, कामाच्या ठिकाणी असं कुणी आहे, त्यांनी सांगा: त्यामुळे नेमकं काय चांगलं जमतं?

दोन विनंत्या. थोरामोठ्यांच्या याद्या नकोत. मायकल फेल्प्सची २८ ऑलिंपिक पदकं त्याला ठाऊक आहेत, सिमोन बाइल्सने २०१६ मध्ये आपलं एडीएचडी जाहीरपणे सांगितलं तेही मी सांगून झालंय. त्यावर तो म्हणाला, "पण मला पोहायचंही नाही आणि कोलांट्याही मारायच्या नाहीत." दुसरी विनंती, उगाच गोडगोड नको. खोटं कौतुक त्याला लगेच ओळखू येतं.

प्रकाशझोत

ताई, मी नाटकांची प्रकाशयोजना करतो. निदान झालं तेव्हा ३४ वर्षांचा होतो. एक प्रसंग सांगतो, तो त्याला जसाच्या तसा वाचून दाखवा.

प्रयोग रंगात आला होता. मी वरच्या केबिनमध्ये होतो. मागे डिमरचं, म्हणजे दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या यंत्रांचं कपाट असतं, त्याचा सतत एक बारीक घूं असा आवाज येतो. तिसऱ्या प्रवेशापासून तो आवाज मला वेगळा वाटत होता. शेजारच्या साथीदाराला विचारलं, त्याला काहीच जाणवत नव्हतं. माझं मात्र अर्धं लक्ष नाटकावर आणि अर्धं त्या आवाजावर. मनात आपोआप हिशोब सुरू झाला: हा डिमर गेला तर डावी बाजू अंधारात जाईल, मग मागचे दोन दिवे वर घेता येतील, वरचा निळा थोडा उतरवावा लागेल. दुसऱ्या अंकात नायिकेचं स्वगत चालू असताना तो डिमर खरोखर बसला. माझी बोटं आधीच फेडरवर, म्हणजे दिवे वर-खाली करायच्या सरकत्या बटणांवर होती. दोन सेकंदांत रंगमंच पुन्हा उजळला, आणि प्रेक्षकांना तो अंधार त्या स्वगताचाच भाग वाटला.

शाळेत वर्गाबाहेरचा प्रत्येक आवाज मला ऐकू यायचा म्हणून ओरडा बसायचा. कान तेव्हाही हेच होते.

धडपड्या

+१. वाचताना अंगावर काटा आला.

नभांगण

माझ्याकडून एक. मला राग येतो, पण टिकत नाही. भांडण झालं की तासाभरात मीच पहिली बोलायला जाते. बहीण म्हणते, तुझ्या मनात अढी बसतच नाही. हे एडीएचडीचं की माझ्या स्वभावाचं ते सांगता येणार नाही, पण त्याच्या पानावर लिहायला हरकत नसावी.

थांबा_जरा

मी वेगळं बोलणार आहे, कृपया रागावू नका.

माझ्या नवऱ्याला एडीएचडी आहे. माणूस प्रेमळ, हुशार, कुणाच्याही मदतीला धावणारा. पण विजेचं बिल वेळेवर भरलं गेलं असं आमच्याकडे कधी होत नाही. एकदा मुलीला शाळेतून आणायचं विसरले, ती फाटकापाशी पाऊण तास उभी होती. तिचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. गाडी चालवताना लक्ष उडतं म्हणून मी शेजारी बसून रस्ता बघत असते. एडीएचडी असलेल्यांचे अपघात जास्त होतात, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

त्यामुळे कुणी 'सुपरपॉवर' म्हटलं की मला त्रास होतो. प्रकाशझोत, तुमचा अनुभव सुंदरच आहे. पण तुमची कागदपत्रं कोण सांभाळतं, तेही त्या मुलाला सांगा. रसेल बार्कली यांच्यासारखे आयुष्यभर यावर संशोधन केलेले लोकही याला 'देणगी' म्हणायला नकार देतात. देणगी म्हटलं की मदत मागायला तोंड राहत नाही.

प्रकाशझोत

@थांबा_जरा, रागावण्यासारखं काहीच नाही. माझ्या क्यूंची वही, म्हणजे कोणता दिवा कधी बदलायचा याची नोंद, माझी सहायक लिहिते. मी बोलत जातो, ती प्रत्येक बदलाचा क्रमांक टाकून टिपून ठेवते. ती नसती तर मी एकही नाटक उभं करू शकलो नसतो, आणि श्रेयनामावलीत तिचं नाव माझ्या नावाशेजारी असावं हा माझा आग्रह असतो. हेही पानावर लिहा ताई: आपलं काय राहून जातं ते ओळखून ते सांभाळणारा माणूस शोधणं.

मनाची_मशागत

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, प्रामुख्याने प्रौढांबरोबर काम करते. नभांगण आणि थांबा_जरा या दोघींच्या मुद्द्यांवर थोडं सविस्तर लिहिते.

२००६ मध्ये होली व्हाइट आणि प्रीती शाह यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक अभ्यास केला. एक साधी वस्तू द्यायची आणि तिचे किती वेगवेगळे उपयोग सुचतात ते पाहायचं. यात एडीएचडी असलेले विद्यार्थी पुढे होते. दुसऱ्या चाचणीत तीन शब्द देऊन त्यांना जोडणारा एकच शब्द शोधायचा होता. तिथे हेच विद्यार्थी मागे पडले. मी पालकांना सांगताना म्हणते, फाटे फोडण्यात पुढे आणि फाटे जुळवण्यात मागे. पुढे २०२० मध्ये मार्टिन हूगमन आणि सहकाऱ्यांनी असे बरेच अभ्यास एकत्र ठेवून पाहिले. ज्यांच्यात लक्षणं जास्त आहेत पण निदानापर्यंत जात नाहीत, त्यांच्यात हा फाटे फोडण्याचा गुण जास्त दिसला. निदान झालेल्यांबद्दल मात्र तसं ठामपणे म्हणता आलं नाही. म्हणून 'एडीएचडी म्हणजे सर्जनशीलता' असं सरसकट विधान मी करत नाही.

मला जास्त भावलेला अभ्यास २०२४ चा आहे. संगणकावरचा साधा खेळ. झुडपावरची फळं तोडायची, एका झुडपावरची फळं कमी होत जातात, आणि दुसऱ्याकडे जायचं तर वाटेत वेळ जातो. वेळ ८ मिनिटांचा. ४५७ लोक खेळले. प्रश्नावलीत एडीएचडीची लक्षणं जास्त दिसलेले लोक एका झुडपाला चिकटून न राहता लवकर पुढे सरकले, आणि शेवटी त्यांच्याच पदरात जास्त फळं पडली. बाकीचे आटत चाललेल्या झुडपापाशी गरजेपेक्षा जास्त थांबले होते. या लोकांचं निदान तपासलेलं नव्हतं, त्यांनी स्वतः प्रश्नावली भरली होती, एवढं लक्षात ठेवायचं.

आणि केनियातल्या एरियाल लोकांचा २००८ चा अभ्यास. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा संदेश घेणाऱ्या एका रिसेप्टरशी संबंधित जनुकाचं एक रूप एडीएचडीशी थोडंफार जोडलं जातं. या समाजातल्या भटक्या पुरुषांमध्ये ज्यांच्याकडे ते रूप होतं त्यांचं पोषण इतरांपेक्षा चांगलं होतं. त्याच समाजातले जे एका जागी वस्ती करून राहू लागले, त्यांच्यात चित्र उलटं दिसलं. जनुक एकच, जगण्याची रीत बदलली.

माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये मी हेच बघते. प्रकाशझोत यांचा कान वर्गात अडचणीचा होता आणि केबिनमध्ये मोलाचा ठरला. त्यामुळे मुलाला 'तुझ्यात अमुक गुण आहे' एवढंच सांगून थांबू नका. तो गुण कुठे, कधी, कुणाबरोबर असताना वर येतो ते त्याच्यासोबत शोधा. थांबा_जरा, तुम्ही लिहिलेलं मी शब्दशः मान्य करते. औषध, दिनक्रम, आठवण करून देणाऱ्या सोयी हे सगळं असलं की गुणांना जागा मिळते.

शब्दवेल्हाळ

थोडं अवांतर. मराठीत याला 'अवधानत्रुटी' म्हणतात, तो शब्द मला खटकतो. त्रुटी म्हणजे कमतरता. इथले अनुभव वाचून वाटतं की अवधान भरपूर आहे, ते कुठे लावायचं याचा लगाम हातात नाही. आपल्याकडे एकाच वेळी आठ गोष्टींवर ध्यान ठेवणाऱ्याला अष्टावधानी म्हणतात आणि मान देतात.

धडपड्या

अष्टावधानी माणूस आठही ठिकाणी स्वतःच्या मर्जीने लक्ष देतो हो. मला आठवं ठिकाण कुठलं ते आधी माहीतच नसतं. पण लगामाची उपमा आवडली.

आणि एकाच कामात पूर्ण बुडून जाणं, ते 'हायपरफोकस' असतं त्याला मराठी शब्द काय?

शब्दवेल्हाळ

तंद्री म्हणावं का? पण तंद्रीत माणूस हरवलेला असतो. इथे तर तो कामात पुरता उतरलेला असतो. 'भान हरपणं' जास्त जवळचं वाटतं.

नभांगण

आमची आजी म्हणायची, "हिची समाधी लागली." पुस्तक हातात असलं की मला हाक ऐकूच यायची नाही.

उशिराचा_पाऊस

समाधी हा शब्द मी घेतो.

माझं निदान वयाच्या ५२ व्या वर्षी झालं. आधी भाचीचं झालं, मग बहिणीने मला ती प्रश्नावली पाठवली. मी ती वाचून बराच वेळ नुसता बसून होतो. तेवढ्या वेळात माझी सगळी शाळा, सात नोकऱ्या, वडिलांची बोलणी डोळ्यांसमोरून गेली.

मी जुनी किल्लीची घड्याळं दुरुस्त करतो. आत एक केसाएवढी बारीक स्प्रिंग असते, ती वेटोळं घालून बसलेली. तिचं एक वेटोळं दुसऱ्याला चिकटलं की घड्याळ पुढे पळतं. चिमट्याच्या टोकाने ती सोडवायची. श्वास जोरात सोडला तरी हलते. ते करताना माझ्या डोक्यातला सगळा गलबला थांबतो. पाच पाच तास. तहान लागलेलीही कळत नाही, म्हणून बायको दर तासाला खांद्यावर हात ठेवून पाण्याचा पेला पुढे करते. ज्या घड्याळांना दुसऱ्यांनी 'होणार नाही' म्हणून परत पाठवलं, अशी कित्येक माझ्याकडे चालू झाली आहेत. कंटाळवाण्या कामाला मला पाच मिनिटं बसवत नाही, हेही तितकंच खरं.

त्या मुलाला सांगा, समाधी लागेल असं काम त्याला सापडेल. आणि शोधताना चार कामं सुटली तर ती फुकट गेली असं समजू नकोस म्हणावं. सातही नोकऱ्यांतलं काही ना काही माझ्या हातात शिल्लक आहे.

मनाची_मशागत

@उशिराचा_पाऊस, फार छान लिहिलंत. एक माहिती जोडते: हायपरफोकसचा अनुभव बरेच जण सांगतात, पण निदानाच्या अधिकृत निकषांत तो नाही. २०१३ च्या डीएसएम-५ मधली (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी पुस्तिका) १८ लक्षणं सगळी अडचणींचीच आहेत, कारण ती यादी अडचण ओळखण्यासाठी बनलेली आहे. ओंजळ, तुमच्या मुलाने अगदी नेमकं पाहिलं. ते पान गळलेलं नाही, मुळात लिहिलंच गेलेलं नाही.

आणि भाचीमुळे मामाचं निदान होणं हे नेहमीचंच आहे. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात मानला जातो.

वारा_खात

एक प्रश्न विचारू का, विषयाला सोडून आहे. औषध सुरू केलं तर हे चांगले गुणही जातात का? मी चित्रं काढते. डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट सुचवलंय आणि त्या भीतीने मी दोन महिने टाळतेय.

धडपड्या

माझा अनुभव: कल्पना गेल्या नाहीत, रांगेत उभ्या राहिल्या. आधी सगळ्या एकदम दारात घुसायच्या आणि एकही आत यायची नाही. पहिल्या गोळीचा डोस मात्र मला जड गेला होता, दिवसभर सपाट वाटायचं. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी कमी केला, मग ठीक झालं.

मनाची_मशागत

@वारा_खात, सपाट वाटणं हे डोस किंवा औषध जुळत नसल्याचं लक्षण असू शकतं, ते सहन करत बसायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं. ही भीती तुम्ही त्यांच्यासमोर जशी इथे लिहिलीत तशीच बोलून दाखवा.

जाता जाता एक जुनी गोष्ट. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं होतं, तेही डोकेदुखीवर काही उपाय सापडावा म्हणून. डोकेदुखीवर फारसा फरक पडला नाही, पण काही मुलांचा अभ्यास एकदम सुधारला. मुलांनीच त्याला नाव ठेवलं: 'गणिताच्या गोळ्या'. आपल्याला कशाची मदत झाली हे मोठ्यांच्या आधी मुलांना कळलं होतं.

खडू_फळा

मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. बाकावर बसला की पाय, पाय थांबले की बोटं, बोटं थांबली की तोंड. त्याच वर्षी एक नवी मुलगी आली. ती कुणाशीच बोलत नव्हती. मी गोष्टी सांगून पाहिल्या, चित्रं दिली, मैत्रीण जोडून दिली. तीन आठवडे एक शब्द नाही.

एक दिवस मी फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना मागून टकटक आली. दोन, एक, दोन. मी रागावणार तेवढ्यात तशीच टकटक दुसऱ्या कोपऱ्यातून आली. वळून पाहिलं तर ती मुलगी बोटाने बाक वाजवत होती आणि हा तिला उत्तर देत होता. ती रोज हळूच बाक वाजवते, हे वर्गात फक्त त्याच्या लक्षात आलं होतं. त्याने ताल बदलला, तिनेही बदलला. मग ती हसली. चौथ्या दिवशी तिने त्याला तिचा खोडरबर दिला आणि "घे" म्हणाली. आमच्या वर्गातला तिचा पहिला शब्द.

तेव्हापासून कुणी टकटक केली की मी आधी ऐकते, मग ठरवते.

थांबा_जरा

खडू_फळा बाई, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला असं शिकवणारं कुणी भेटलं नाही."

मी वर जे लिहिलं ते मागे घेत नाही. पण मी फक्त अर्धंच लिहिलं होतं. माझी आई शेवटच्या आजारपणात अंथरुणाला खिळली होती तेव्हा आम्ही सगळे थकून गेलो होतो. हे रोज तिच्यासाठी काहीतरी नवं काढायचे. छताला आरसा टांगून तिला खिडकीबाहेरचं झाड दिसेल असं केलं ते यांनीच. दिवसभर आरशाचा कोन बदलत राहिले, तिला फांदी दिसेपर्यंत. बिल त्या महिन्यातही राहिलंच होतं. आता बिलं बँकेतून आपोआप जातात, मुलीला आणायचं काम माझ्याकडे आहे, आणि घरात कुणी आजारी पडलं की सूत्रं यांच्याकडे.

नाईट_ड्युटी

उशिरा येतेय, पण सगळे प्रतिसाद वाचले. मी आपत्कालीन विभागात परिचारिका आहे. १९ वर्षं झाली.

नेहमीच्या वॉर्डात मला जमत नव्हतं. त्याच वेळी त्याच गोळ्या, तोच तक्ता, माझ्या नोंदी राहायच्या. आपत्कालीन विभागात बदली झाली आणि पहिल्याच रात्री वाटलं, इथे माझा मेंदू जागेवर आहे. सगळीकडे आवाज, धावपळ, रडारड, आणि मी आतून शांत. सहकारी विचारतात, तू घाबरत कशी नाहीस? मला घरी किल्ल्या सापडल्या नाहीत की जास्त घाबरायला होतं. नोंदी अजूनही अवघड जातात, म्हणून मी मनगटाला पट्टीसारखा कागद बांधते आणि जे केलं ते त्याच क्षणी लिहिते.

वारा_खात

डॉक्टरांची वेळ घेतली, सोमवारची. मनाची_मशागत ताई, तुमचा प्रतिसाद छापून नेणार आहे.

ओंजळ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री त्याला पूर्ण धागा वाचून दाखवला. एरवी दोन परिच्छेदांत उठून जातो, काल दीड तास पालथा पडून ऐकत होता.

पान तयार झालंय. त्याने स्वतः लिहिलंय, मी फक्त शुद्धलेखन पाहिलं. त्यात घड्याळाच्या स्प्रिंगचं चित्र आहे, वेटोळी मोजून सात काढली आहेत, सात नोकऱ्यांची. 'मला लोकांच्या आधी आवाज येतो' हे वाक्य आहे, कारण पाणी गळतंय हे आमच्या घरात नेहमी त्यालाच पहिल्यांदा कळतं. 'मला राग राहत नाही' याच्यापुढे त्याने प्रश्नचिन्ह काढलंय, बहिणीला विचारून मग ठरवणार म्हणाला. खाली वेगळी रेघ मारून 'मला यासाठी माणूस लागतो' असं लिहिलंय आणि त्याखाली गृहपाठाची वही, पाण्याची बाटली आणि सकाळची वेळ. थांबा_जरा ताई, ती रेघ तुमच्यामुळे आली.

पुढच्या भेटीत हे पान प्रश्नावलीला टाचून डॉक्टरांना द्यायचं ठरलंय. मी स्वतःसाठीही त्याच दिवशीची वेळ घेतली आहे. आनुवंशिकतेचा आकडा वाचला तेव्हा माझं हातातलं भरतकाम चौथ्यांदा बदललेलं होतं.

त्याचा एक प्रश्न राहिलाय, नाईट_ड्युटी मावशींसाठी. त्याच्याच शब्दांत: "दोन जण एकदम आले आणि मावशी एकटीच असली, तर ती आधी कुणाकडे जाते? आणि दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून काय करते?"

नाईट_ड्युटी

बाळा, मोठ्याने ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो, म्हणून मी आधी गप्प पडलेल्याकडे जाते. जाता जाता दुसऱ्याच्या हाताला हात लावते, त्याचं नाव विचारते आणि त्या नावाने सांगते, "मी तुला पाहिलंय, आलेच." आणि ते नाव लगेच मनगटाच्या कागदावर लिहिते.